ग्रंथालयातील सार्वजनिक संगणक : वापर आणि जबाबदारी

ग्रंथालयातून नेलेले पुस्तक परत केले की वाचकाचा आणि त्या पुस्तकाचा संबंध संपतो. पानात विसरलेले बसचे तिकीट किंवा समासात ओढलेली पेन्सिलीची रेघ सोडली, तर ते पुस्तक आधीच्या वाचकाविषयी पुढच्या वाचकाला काही सांगत नाही. ग्रंथालयातील संगणकाचे तसे नाही. कोणती संकेतस्थळे उघडली गेली, कोणती कागदपत्रे उतरवून घेतली गेली, कोणाचे टपाल वाचले गेले, हे सारे तो आपणहून जपून ठेवतो आणि कोणी पुसले नाही तर पुढे येणाऱ्याच्या पुढ्यात मांडतो. भिंतीवर लावलेल्या ‘संगणक वापराचे नियम’ या फलकाकडे पुष्कळ वाचक मनाईचा हुकूम म्हणून पाहतात. वस्तुतः त्यांतील बरेचसे नियम वाचकाच्याच रक्षणासाठी असतात. ते कशासाठी केले आहेत हे मात्र फलकावर सहसा लिहिलेले नसते. सबब हा लेख.

गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली पणजीस सुरू झालेले ग्रंथालय आज कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नावाने पाटो येथील प्रशस्त वास्तूत नांदत आहे. गोवा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९९३ सालचा. भारतात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे ग्रंथालय ही संस्था येथे दीडशेहून अधिक वर्षे मुरल्यानंतर हा नवा पाहुणा तिच्या घरी आला. पुस्तक कसे धरावे, पान कसे उलटावे, कोपरा का दुमडू नये, हे सांगणारे वडीलधारे घरोघरी होते. संगणकाच्या बाबतीत वडीलधारेच नातवंडांना विचारतात, आणि नातवंडांना यंत्र चालविता येत असले तरी ते उठताना कसे सोडावे हे त्यांनाही कोणी शिकविलेले नसते.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ग्रंथालयातील संगणक हवा कशाला, असा प्रश्न शहरातील वाचक विचारतील. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावातील पालकास हा प्रश्न पडत नाही. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज बोटभर पडद्यावर भरताना अर्ध्यावर तुटतो; दाखल्याची प्रत ठरावीक आकारात जोडावयाची असते; जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहून तो छापून घ्यावयाचा असतो; बोटीवर नोकरीस जाणाऱ्या तारवट्याला कंपनीचे पत्र छापून, सही करून परत पाठवावयाचे असते. अशी कामे मोठ्या पडद्यावर, कळफलकावर आणि मुद्रकाच्या साहाय्यानेच नीट होतात. त्यामुळे ग्रंथालयातील संगणकावर येणारा माणूस आपल्या आयुष्यातील अत्यंत महत्त्वाची कागदपत्रे घेऊन येतो, आणि नेमका हाच माणूस त्या यंत्राशी सर्वांत कमी परिचित असतो.

काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकास एका तालुक्याच्या ग्रंथालयात स्वतःच्या कामासाठी जावे लागले. कार्यालयातील मुद्रक बिघडला होता आणि एका कार्यक्रमाचे टिपण तातडीने छापून हवे होते. ई-मेलमधून टिपण उतरवून घेतले व ते शोधण्यासाठी ‘डाउनलोड्स’ हा कप्पा उघडला, तो तेथे कितीतरी अनोळखी माणसांचे संसार उघडे पडलेले. आधार कार्डांच्या प्रती, दहावीच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, एका तारवट्याच्या पासपोर्टची पाने, कोणाचे तरी बँकेचे विवरणपत्र. आणि त्यांतच एका प्रयोगशाळेचा रक्ततपासणीचा अहवाल. त्यावरील नाव माझ्या ओळखीचे निघाले. त्या गृहस्थांना असलेला आजार त्यांच्या घरातही सर्वांना ठाऊक नसावा. मला तो कळण्याचे काहीच कारण नव्हते, तरी कळला. ग्रंथपालांना बोलावून आम्ही तो कप्पा रिकामा केला. पुढे ते गृहस्थ एकदा बाजारात भेटले तेव्हा माझी मलाच नजर चुकवावीशी वाटली.

त्या यंत्रावर कोणी चोरी केली नव्हती की नियमभंग केला नव्हता. प्रत्येकाने आपले काम केले, पडद्यावरची विंडो बंद केली आणि तो उठून गेला. विंडो बंद केली म्हणजे काम संपले, या एका समजुतीतून हे सारे घडते. म्हणून यंत्राच्या आत काय होते ते थोडे विस्ताराने पाहू.

बिल्ला परत न करता उठणे

पूर्वी बँकेत पैसे काढावयास गेले असता खिडकीवर पितळी बिल्ला मिळत असे. सही एकदा पडताळली की पुढचे काम त्या बिल्ल्यावर चाले. बिल्ला ज्याच्या हाती, पैसे त्याला. ई-मेल किंवा अन्य खाते उघडताना हेच घडते. परवलीचा शब्द एकदा बरोबर भरला की ते संकेतस्थळ आपल्या ब्राउझरच्या हाती एक अदृश्य बिल्ला देते. ‘कुकी’ म्हणतात ती हीच. त्यानंतर पानोपानी परवलीचा शब्द विचारला जात नाही, कारण ब्राउझर दर वेळी तो बिल्ला दाखवितो. विंडो मिटली तरी बिल्ला बहुधा ब्राउझरपाशीच राहतो. तासाभराने दुसऱ्या वाचकाने तेच संकेतस्थळ उघडले, की ते त्याला आपण समजून आपले टपाल दाखविते. ‘लॉग-आउट’ या शब्दावर कळ दाबणे म्हणजे बिल्ला खिडकीवर परत देणे. ते केल्याखेरीज उठू नये, आणि परवलीचा शब्द जपून ठेवू का, असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा.

ब्राउझरमध्ये खासगी विंडो उघडण्याची सोय असते. कोठे तिला ‘इनकॉग्निटो’ म्हणतात, कोठे ‘प्रायव्हेट’. सार्वजनिक संगणकावर काम करताना प्रथम ती उघडावी, हे उत्तम. अशा सर्व विंडो बंद केल्या की पाहिलेल्या पानांची यादी व सर्व बिल्ले ब्राउझर विसरून जातो. परंतु तिच्याविषयी एक मोठा गैरसमज आहे. उतरवून घेतलेली फाइल त्या विंडोबरोबर नाहीशी होत नाही. ती ‘डाउनलोड्स’मध्ये जशीच्या तशी राहते. तसेच खासगी विंडोमुळे आपण जगाला दिसेनासे होतो हेही खरे नव्हे. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो त्याला आणि ज्या जोडणीवरून गेलो तिला आपले येणे-जाणे कळतेच.

फाइल पुसली तरी ती आधी ‘रिसायकल बिन’ या टोपलीत जाऊन पडते. ती टोपलीही रिकामी करावी लागते. पेन ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी तो काढताना आपली फाइल यंत्रावर उतरलेली नाही ना, एवढे पाहावे, आणि घरी नेल्यावर तो विषाणूंसाठी तपासल्याखेरीज आपल्या यंत्रास लावू नये. दिवसभरात शंभर घरचे पेन ड्राइव्ह जेथे लागतात तेथे एकाच्या आजाराची लागण सर्वांना व्हावयास वेळ लागत नाही. मुद्रकाच्या बाबतीत तर गंमतच आहे. चुकीने दोन वेळा छापलेली प्रत वाचक तेथेच टाकून जातो. ती रद्दीत जाते आणि कोणाचे आधार कार्ड फेरीवाल्याकडे चण्यांची पुडी होऊन कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो.

आधारविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढले होते. ई-आधार उतरवून घेण्यासाठी सार्वजनिक संगणक शक्यतो वापरू नये, वापरल्यास सर्व प्रती त्या यंत्रावरून कायमच्या पुसाव्यात, असे त्यात म्हटले होते. पत्रकाचा विपर्यास होण्याचा संभव आहे म्हणून दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले. तथापि त्यातील ही सूचना शहाणपणाचीच आहे. ई-आधारची फाइल कुलूपबंद असते हे खरे. परंतु नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष ही तिची किल्ली. गावात एकमेकांची नावे आणि वये कोणाला ठाऊक नसतात? जेथे चालत असेल तेथे केवळ शेवटचे ४ अंक दाखविणारे झाकलेले आधार वापरावे, हे बरे.

बँकेचे व्यवहार मात्र सार्वजनिक संगणकावर करूच नयेत. दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून घेणारी साधने व कार्यक्रम अस्तित्वात आहेत, आणि आपण बसलो आहोत त्या यंत्रात तसे काही नाही याची खात्री वाचकास करता येत नाही. ग्रंथपालांसही दर तासाला ती देता येणार नाही.

अर्ज एकाचा, मोबाइल दुसऱ्याचा

फलकावर क्वचितच लिहिला जाणारा, परंतु माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा एक विषय आहे. ज्यांना स्वतः यंत्र चालविता येत नाही त्यांचा अर्ज शेजारचा मुलगा, एखादा विद्यार्थी किंवा कर्मचारी भरून देतो. हे पुण्याचे काम आहे. पण अर्जात ई-मेल व मोबाइल क्रमांक भरावयाची वेळ येते तेव्हा वृद्ध गृहस्थांकडे ई-मेल नसते, मोबाइल घरी राहिलेला असतो, आणि मागे माणसे खोळंबलेली असतात. मदतनीस स्वतःचा क्रमांक घालून काम उरकतो. त्याच्या मनात कपट नसते. परंतु त्या क्षणापासून अर्जदाराच्या खात्याची किल्ली, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याच्या खिशात जाते.

एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचे असेच झाले. पहिल्या वर्षी एका दुकानात अर्ज भरला गेला. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणासाठी खाते उघडावयास गेली तर ओटीपी जाई तो दुकानातील पूर्वीच्या नोकराच्या मोबाइलवर, आणि तो नोकर गाव सोडून गेलेला. क्रमांक बदलून घेण्यासाठी तिच्या वडिलांना मजुरी बुडवून तीन खेपा घालाव्या लागल्या. मुदत टळता टळता काम झाले. ज्यांना तेवढ्या खेपा परवडत नाहीत त्यांचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून अर्जासाठी निघताना स्वतःचा किंवा घरातील माणसाचा चालू मोबाइल बरोबर न्यावा आणि तोच क्रमांक अर्जात आहे हे छापील प्रतीवर वाचून पाहावे. परवलीचा शब्द मदतनिसास सांगून टाइप करून घेण्यापेक्षा तो स्वतः, एक-एक अक्षर शोधत का होईना, टाइप करावा. ग्रंथालयीन कर्मचाऱ्यांनीही अशा वेळी तोंड वळवून उभे राहावे, आणि वाचक आपण होऊन परवलीचा शब्द सांगू लागल्यास त्याला थांबवावे. यात अविश्वास नाही. पुढे काही गैर घडले तर संशयाची सुई प्रथम त्याच कर्मचाऱ्याकडे वळते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही खबरदारी दोघांच्याही हिताची आहे असे दिसून येईल.

वेळ, वाहिनी आणि पडदा

राहिलेले नियम शेजाऱ्यासाठी आहेत. निकालाच्या दिवशी किंवा भरतीच्या अखेरच्या तारखेस एकाच यंत्रासाठी दहा माणसे उभी असतात, म्हणून बैठकीस वेळेची मर्यादा असते. वाहिनीचेही तसेच. १० मेगाबिट वेगाच्या वाहिनीवरून १ गिगाबाइटचा चित्रपट उतरवून घ्यावयाचा तर सारी वाहिनी एकट्याला मिळूनही १३ ते १४ मिनिटे लागतात. तेवढा वेळ बाकीच्या यंत्रांवरील अर्ज अडून राहतात. शिवाय विनापरवाना चित्रपट वा पुस्तक उतरविणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. यंत्रावर स्वतःचे कार्यक्रम बसवू नयेत, त्याची मांडणी बदलू नये, हे सांगावयास नको.

पडद्यावर काय पाहावे हा नाजूक प्रश्न. ग्रंथालय ही मुलाबाळांनी यावे अशी जागा आहे. पाठीमागून जाणाऱ्यास लज्जा वाटेल असे काही तेथे उघडू नये, याविषयी दुमत नसावे. अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे वा पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, आणि मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे तर नुसती शोधणे व पाहणे हाही कलम ६७-ब खाली गुन्हाच आहे. यावर यंत्रात गाळणी बसविण्याचा उपाय सुचविला जातो. अमेरिकेने २००० साली तसा कायदा केला व तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो वैध ठरविला. परंतु प्रौढ वाचकाने मागणी केल्यास गाळणी दूर करता येते, ही बाब त्या निकालात महत्त्वाची मानली गेली. कारण गाळणीला शब्द दिसतात, अर्थ कळत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना एका मोठ्या कंपनीच्या सेवेत नाव नोंदविता येईना. गावाच्या इंग्रजी नावात चार अक्षरे एक अपशब्द होऊन बसली होती! स्तनाच्या कर्करोगाविषयी माहिती शोधणाऱ्या स्त्रीलाही अशी गाळणी अडवू शकते. तेव्हा गाळणीपेक्षा पडदे सर्वांच्या वावरण्याच्या जागेकडे तोंड करून ठेवणे हा साधा उपाय मला अधिक पसंत आहे. सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने २०११ साली जे नियम केले त्यांतही, जेथे बंद खण नाहीत तेथे पडदे बाहेरच्या बाजूस तोंड करून असावेत आणि खण असल्यास आडभिंत साडेचार फुटांहून उंच नसावी, असेच सांगितले आहे.

नोंदवहीत सही का घेतात, असा प्रश्न काही वाचक रागाने विचारतात. त्याचे उत्तर जोडणीच्या स्वरूपात आहे. ग्रंथालयातील सर्व यंत्रे बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्यावरची दिसतात. तेथून कोणी धमकीचे पत्र धाडले किंवा दुसऱ्याच्या नावाने फसवणूक केली, तर माग निघतो तो ग्रंथालयाच्या दारापर्यंत. त्या वेळी कोणत्या यंत्रावर कोण बसले होते हे नोंदवहीच सांगते आणि इतर सर्व वाचक संशयमुक्त होतात. सायबर कॅफेंना अशी नोंद किमान १ वर्ष जपण्याचे बंधन त्याच २०११ च्या नियमांनी घातले आहे. मात्र नाव, यंत्र आणि वेळ एवढ्यावर नोंद थांबावी. वाचकाने काय वाचले, कोणाच्या विरुद्ध काय लिहिले, यात ग्रंथालयाने डोकावू नये. त्रासदायक संदेशांना शिक्षा सांगणारे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले, हे उत्साही कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे. पंचायतीवर टीका करणारे पत्र लिहिणे हा काही संगणकाचा गैरवापर नव्हे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. ‘प्रकल्प’ म्हणून दिलेला विषय मुले पहिल्या सापडलेल्या पानावरून जशाच्या तसा उतरवतात आणि अर्ध्या तासाची बैठक चित्रे छापण्यात घालवितात. त्यांना निदान मराठी विश्वकोशाची वाट दाखवावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली उभा राहिलेला हा ग्रंथ आता विनामूल्य जालावर वाचता येतो, हे कित्येक शाळांत अजून ठाऊक नाही.

चूक झाल्यावर

घरी पोहोचल्यावर आठवते की लॉग-आउट करावयाचे राहिले. अशा वेळी घाबरून बसू नये. गूगलच्या खात्यात कोणकोणत्या यंत्रांवर आपले खाते उघडे आहे याची यादी मोबाइलवर पाहता येते व तेथूनच दूरचे यंत्र बंद करता येते. व्हॉट्सअॅप संगणकावर उघडले असल्यास मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या जागी जाऊन ते तोडता येते. त्यानंतर परवलीचा शब्द बदलावा. फाइल राहिली असेल तर ग्रंथालयास दूरध्वनी करून ती पुसावयास सांगण्यात संकोच कसला? पैसे गेल्याचे आढळल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता १९३० या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

उलट, यंत्रापाशी बसताच दुसऱ्याचे खाते उघडे दिसले तर ते न वाचता लॉग-आउट करावे आणि ग्रंथपालांना सांगावे. उघडे सापडले म्हणून ते आपले होत नाही. दुसऱ्याचा परवलीचा शब्द वा ओळख लबाडीने वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वर उल्लेखिलेल्या तालुका ग्रंथालयात मी अलीकडे पुन्हा गेलो होतो. ग्रंथपालांनी आता सायंकाळी दिवे मालविण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा ‘डाउनलोड्स’चा कप्पा आणि टोपली रिकामी करावयाचा परिपाठ ठेवला आहे. मुद्रकाशेजारी चुकलेल्या प्रतींसाठी एक खोकेही आले आहे. त्यातील कागद फाडूनच रद्दीत जातात. चार यंत्रांचे हे काम करावयास त्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत, असे ते म्हणाले.